धडक्या रोह्याची निर्णयक्षमता

एका जंगलात, बालमित्रांनो, फुटबॉल होता. जंगलात फुटबॉल कुठून आला, असं विचारू नका. जंगलात क्रीडा समिती कुठून आली, असं तुम्ही विचारलंत का? नाही ना? मग गुपचूप ऐका.

या जंगलाच्या संघात धडक्या नावाचा रोही होता. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी तो घोड्याएवढा असतो, आणि पळायला लागला की जमीन हादरते. धडक्या डाव्या कडेने खेळायचा. पारंब्या वळून केलेला चेंडू त्याच्या खुरांशी आला की तो सुटायचा. समोर रानडुक्कर आलं तर ते आडवं व्हायचं. बिबट्या आला तर त्याला दुसरीकडे काहीतरी काम असल्याचं आठवायचं.

असा तो थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत जायचा. आणि तिथे सगळा घोटाळा व्हायचा.

गोलासमोर ससा मोकळा उभा असायचा. "धडक्या, इकडे! अरे, इकडे दे!" असं ओरडून त्याचा घसा बसायचा. धडक्या चेंडू काटेरी झुडपात मारायचा. कधी झाडावर मारायचा. एकदा तर त्याने पंच म्हणून बसलेल्या कासवाला सुंदर पास दिला. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या की तो चेंडू घेऊन उलटाच पळत यायचा, त्याच कोपऱ्याकडे. याला लोक 'बचावाला मदत' म्हणत आणि टाळ्या वाजवत.

उंबरावर बसून साळुंकी सामन्याचं वर्णन करायची. "काय ती गती! काय ती ताकद! आणि काय हा निर्णय!" असं ती दर वेळी किंचाळायची. हळूहळू सगळं जंगल तेच म्हणू लागलं. गती आहे, ताकद आहे, निर्णयक्षमता नाही. ज्या माकडांना या फांदीवर बसावं की त्या फांदीवर हे सकाळपासून ठरवता आलं नव्हतं, तीही तसंच म्हणू लागली.

आता तुम्ही म्हणाल, खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? पण तसं नव्हतं.

उन्हाळ्यात या जंगलात एकच पाणवठा उरायचा. तिथे आधी समिती पाणी पिई. मग खेळाडूंच्या घरचे. मग रानडुकरं. मग बाकीचे सगळे. रानडुकरं पाणी पिऊन थांबत नाहीत, त्यात लोळतात. त्यांच्यानंतर जे उरतं त्याला पाणी म्हणायला फार मोठं मन लागतं. धडक्या संघात होता म्हणून त्याची म्हातारी आई आणि कळपातली पाडसं स्वच्छ पाणी पीत होती. तो संघातून गेला की चिखल.

समितीचे अध्यक्ष होते गवेसाहेब. ते स्वतः गवा असल्यामुळे त्यांचं म्हणणं वजनदार असे.

"ओढ्यापलीकडच्या रानाशी आपला सामना आहे," गवेसाहेब म्हणाले. "तोपर्यंत याची निर्णयक्षमता सुधारली तर ठीक. नाहीतर बाहेर."

सुधारण्याचं काम प्रशिक्षक बगळेसरांकडे आलं. बगळेसर एका पायावर उभे राहून, डोळे मिटून विचार करत. त्यांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. लावायला गेले असते तर दुसरा पाय टेकवावा लागला असता, आणि मग विचार बंद पडला असता.

"धडक्या," बगळेसर म्हणाले, "कोपऱ्यात पोचलास की तीन गोष्टी. थांब. बघ. ठरव. म्हण माझ्यामागे."

"थांब. बघ. ठरव," धडक्या म्हणाला.

"पास द्यायचा, गोलावर मारायचं की मागे वळायचं, हे ठरवायचं. कळलं?"

"कळलं, सर."

आणि गंमत बघा, त्याला खरंच कळलं होतं. नदीच्या वाळूत सराव चालायचा. तिथे तो वाऱ्यासारखा जायचा, मान वर करायचा, आणि चेंडू अलगद सशाच्या पायात ठेवायचा. ससा गोल मारून मारून दमायचा. पण मोठ्या मैदानावर, सगळ्या जंगलासमोर, पुन्हा झुडूप, झाड आणि कासव.

"दडपण," घुबड म्हणालं. ते मनाचं तज्ज्ञ होतं.

"आहार," खार म्हणाली. ती कशाचीच तज्ज्ञ नव्हती, पण तिला बोलावलं होतं.

मग धडक्याचं गवत बदललं. त्याला डोळे मिटून बसायला लावलं. रोज सकाळी "मी उत्तम निर्णय घेतो" असं म्हणायला लावलं. पुढच्या सामन्यात त्याने चेंडू थेट गवेसाहेबांच्या कपाळावर मारला. निर्णय म्हणून तो काही वाईट नव्हता, असं माझं वैयक्तिक मत आहे.

शेवटी बगळेसरांनी ते केलं जे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी धडक्याला विचारलं.

"त्या कोपऱ्यात गेल्यावर तुझ्या डोक्यात नेमकं काय येतं रे?"

"डोक्यात काही येत नाही, सर."

"मग?"

धडक्या खाली बघू लागला. एवढा दांडगा प्राणी, पण लाजून चूर झाला. "सर, तो झेंडा लावलाय ना, तिथे आमची जागा आहे. घराण्याची."

"कसली जागा?"

"जायची," धडक्या पुटपुटला.

बालमित्रांनो, हसू नका. रोही कुठेही शी करत नाहीत. त्यांचा कळप पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी जातो. तिथे लेंड्यांचा मोठा ढीग होतो. धडक्याचे आजोबा तिथेच जात, पणजोबा तिथेच जात. जंगलाने मैदान आखलं तेव्हा तो कोपरा नेमका या ढिगावर आला. धडक्या तिथे पोचला, तो वास नाकात गेला, की त्याचे पाय आपोआप थांबत आणि शेपटी वर होई. समोर सगळं जंगल बसलेलं. मग तो बिचारा सर्व शक्तीनिशी दाबून धरायचा आणि चेंडू जमेल तिकडे भिरकावायचा.

शी दाबून धरून तुम्ही कधी चांगला निर्णय घेतलाय? घेऊन बघा. मग त्याला नावं ठेवा.

बगळेसर धावत, म्हणजे एका पायावर उड्या मारत, समितीकडे गेले. "साहेब, सोपं आहे. झेंडा चार पावलं सरकवायचा."

"झेंडा मी लावलाय," गवेसाहेब म्हणाले. "नारळ फोडून लावलाय. तो सरकवला तर मी चुकलो असा अर्थ होईल."

समितीने माना हलवल्या. अध्यक्ष चुकले असा अर्थ होणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

"मग ढीग हलवावा," एक सभासद म्हणाला.

आणि इथे बगळेसरांनी डोळे मिटले. त्यांना अशी कल्पना सुचली की ते दुसऱ्या पायावरही उभे राहिले. "साहेब, ढीग हलवायचाच आहे तर समोरच्या गोलाच्या तोंडाशीच नेऊन टाकू. धडक्या थेट गोलात!"

समितीने ठराव केला. शेणकिड्यांनी ढीग वाहून नेला. या कामाला 'निर्णयक्षमता विकास कार्यक्रम' असं नाव दिलं गेलं. गवेसाहेबांनी त्याचंही उद्घाटन केलं, नाक धरून.

धडक्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. निर्णय त्याचा सुधारायचा होता, त्याला कशाला सांगायचं?

सामन्याच्या दिवशी पलीकडचं रान लोटलं, अलीकडचं रान लोटलं. धडक्याची आई पाडसांना घेऊन कडेला उभी होती. ऊन रणरणत होतं. पाडसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

शिट्टी झाली. चेंडू धडक्याकडे आला. त्याने नाक वर केलं आणि कड सोडून सरळ गोलाकडे निघाला. पलीकडच्यांचे बचावपटू उडाले, गोलरक्षक उडाला, धडक्या चेंडूसकट गोलात. मग दुसरा गोल. मग तिसरा.

"काय हा निर्णय!" साळुंकी आनंदाने रडू लागली. "काय ही प्रगल्भता!"

मध्यंतरात बगळेसरांनी जमलेल्या पिल्लांपुढे व्याख्यान दिलं. विषय होता 'मी त्याला विचार करायला कसं शिकवलं'. गवेसाहेबांनी मधूनमधून मान डोलावली. पाणवठ्यावर बगळेसरांसाठी एक खास दगड राखून ठेवायचंही ठरलं.

मग शिट्टी झाली आणि संघांनी बाजू बदलल्या.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे फुटबॉलमधलं पहिलं कलम. ते प्रत्येक पिल्लाला माहीत होतं. पण समितीत पिल्लू एकही नव्हतं.

चेंडू धडक्याकडे आला. त्याने नाक वर केलं, गर्रकन वळला आणि आपल्याच गोलाकडे सुटला. गोलात उभं असलेलं अस्वल ओरडलं, "अरे, मी आपला आहे!" तेवढ्यात ते जाळ्यात होतं. यावेळी याला 'बचावाला मदत' म्हणायला कुणी धजावलं नाही. असे पलीकडच्यांचे तीन गोल झाले, आणि एकही पलीकडच्यांना मारावा लागला नाही.

"काढा त्याला!" गवेसाहेब गरजले. "बगळे, हे काय चाललंय?"

बगळेसरांनी डोळे मिटून घेतले. ते विचार करत होते, की झोपल्याचं सोंग करत होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खेळ संपत आला. बरोबरी होती. आणि चेंडू पुन्हा धडक्याच्याच खुरांशी आला.

मागे आपला गोल होता. नाक तिकडे ओढत होतं. पोटही तिकडेच ओढत होतं. साळुंकी, समिती, घुबड, सगळे एकदम ओरडत होते. "पुढे!" "मागे!" "थांब!" "बघ!" "ठरव!" एवढ्या गोंधळात धडक्याची नजर कडेला गेली. आई काहीच ओरडत नव्हती. ती फक्त पाडसांना आपल्या सावलीत घेऊन उभी होती. उद्यापासून यांना चिखल प्यावा लागणार, आणि तो एका वासापायी.

तो मैदानाच्या मधोमध थांबला.

आणि बालमित्रांनो, तिथेच, सगळ्या जंगलासमोर, दोन्ही समित्यांच्या डोळ्यांदेखत, त्याने शेपटी वर केली आणि निवांतपणे उरकून घेतलं.

घराण्याची जागा सोडून बसलेला तो पहिला रोही होता. पलीकडचे बचावपटू तर लांब पळाले. अशा वेळी कुणी जवळ जात नाही.

धडक्याला हलकं वाटलं. इतकं हलकं त्याला मैदानावर कधीच वाटलं नव्हतं. मग त्याने मान वर केली, नीट पाहिलं, आणि निघाला. खऱ्या दिशेने. गोलरक्षक त्याला अडवायला पुढे आला. धडक्याकडे ताकद होती, तो त्याला उडवू शकला असता. पण बाजूला ससा मोकळा होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसल्यामुळे तो नुसताच कान हलवत होता. धडक्याने चेंडू अलगद त्याच्यापुढे ठेवला.

सशाने गोल मारला. जंगल जिंकलं.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. बगळेसरांचा शाल आणि मासा देऊन सत्कार झाला. सशाला गाजर मिळालं. मग धडक्याचा विषय निघाला.

"तुला संघातून काढण्यात येत आहे," गवेसाहेब म्हणाले.

धडक्याला वाटलं आपण चुकून काही वेगळंच ऐकलं. "पण साहेब, आपण जिंकलो. माझी निर्णयक्षमता सुधारली ना?"

"सुधारली की."

"मग?"

"तू कुणाला विचारून थांबलास? कुणाला विचारून बसलास? चेंडू सशाला द्यायचा, हा ठराव कधी झाला होता?" गवेसाहेबांचा आवाज चढला. "आम्हाला चांगले निर्णय घेणारा खेळाडू हवा होता. तू तर स्वतःच घ्यायला लागलास. आज तू, उद्या ससा. मग समितीने काय करायचं?"

सशाने गाजर खाणं थांबवलं आणि घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी समिती पाणी प्यायली. बगळेसर आपल्या खास दगडावर उभे राहिले. खेळाडूंच्या घरचे पाणी प्याले. रानडुकरं लोळून गेली. मग रोह्यांचा कळप खाली उतरला. पाडसांनी त्या राड्यात तोंड घातलं आणि एकमेकांकडे पाहिलं. मला ही गोष्ट इथे सांगवत नाही, पण सांगायला घेतलीय तर संपवली पाहिजे.

"आई, चुकलो का गं मी?" धडक्याने विचारलं.

आईने चिखलाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "सगळ्यांसमोर बसलास. मधोमध. लाज नाही वाटली?"

"नाही वाटली."

"गव्याचं तोंड पाहिलंस तेव्हा?"

"तेवढ्यासाठीच तर हळू उरकलं."

म्हातारी इतकी हसली की गढूळ पाणी तिच्या नाकातून आलं. मग पाडसंही हसू लागली. वर दगडावर बगळेसरांनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

तात्पर्य : बालमित्रांनो, आपली निर्णयक्षमता रोज सुधारा. मोठ्यांना ते फार आवडतं. फक्त निर्णय तेवढा घेऊ नका. आणि घ्यायचाच झाला, तर आधी जाऊन या.