बावखलाचा अहवाल

सुनेची पीएचडी पूर्ण होईपर्यंत घरात मांसमच्छी शिजणार नाही, असा नवस मंगलाताई बोलल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, तीन वर्षांचा तर प्रश्न. आता सहावं सुरू होतं. तारापूरजवळच्या त्या वाडीत वारा रोज सुक्या बोंबलांचा वास आणून द्यायचा आणि शांतारामभाऊ ताटातल्या दुधीकडे बघून सुस्कारे सोडायचे.

त्यांची सून चारुता एकपेशीय जीवांचा अभ्यास करत होती. वाडीतल्या बावखलातून, म्हणजे गोड्या पाण्याच्या छोट्या तळ्यातून, ती बाटल्या भरून पाणी न्यायची. प्रयोगशाळेत त्यातला डीएनए वाचला, की डोळ्यांना न दिसणारे कोणते जीव त्या पाण्यात आहेत आणि ते कुठल्या कुळातले, हे कळायचं.

एका रविवारी जेवतानाच तिनं लॅपटॉप उघडला. "आई, गंमत बघा. हा जीव फक्त कोंबडीच्या आतड्यात राहतो. आपल्या बावखलात कसा आला?"

शांतारामभाऊंचा घास वाटेतच थांबला.

"आपल्याकडं कोंबडी नाय. शेजारी पण नाय," मंगलाताई म्हणाल्या आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अहो, दर बुधवारी तुमी तुमच्या त्या दोस्ताला, पंढरीला घेऊन बावखलावरचा पंप बघायला जाता ना? दोन-दोन तास?"

"पंप जुना हाय."

"पंपाला आतडी असतात?"

"पाणकोंबडी आली असंल!" भाऊ ओरडले. "येते ती!"

"नाही बाबा, पाणकोंबडीतला वेगळा," चारुता निरागस उत्साहानं म्हणाली. "दोघांचा डीएनए जुळतच नाही. मी दोनदा तपासलं."

भाऊंनी ताट बाजूला सारलं. "मशीनच चुकलं असंल. परत पाणी घे. पंपाकडचं नको, धुण्याच्या दगडाकडचं घे."

"कशाला? तिथं साबण असतो," मंगलाताई जरा घाईनं म्हणाल्या. पण चारुता बाटली घेऊन निघालीसुद्धा.

पुढचे तीन आठवडे भाऊंना पंप बंद, पंढरीला फाटक बंद. मग दुसरा अहवाल आला. त्यात कोंबडीचा मागमूस नव्हता. भाऊ खुर्चीतून उठून नाचायच्या बेतात होते.

"पण हे काय?" चारुता स्क्रीनवर वाकली. "हा तर खाऱ्या पाण्यातला. शिंपल्यातल्या कालवांच्या अंगात राहतो. इथं कसा?"

"कालवं!" भाऊंचा आवाज नारळाच्या शेंड्याला लागला. "दांडी गावची ती कोळीण शकू मंगळवारी येते, ती काय भजनाला?"

"तिचा गुडघा दुखतो. मी तेल देते."

"कालवं तळायला?"

तेवढ्यात चारुताच्या सरांचा फोन आला. अहवाल त्यांनाही गेला होता. तिनं फोन स्पीकरवर टाकला. सर आनंदानं किंचाळतच होते. "चारुता, समुद्रातला जीव गोड्या पाण्यात तगलाय! उत्क्रांतीचा केवढा मोठा पुरावा! प्रबंध थांबव. आणखी दोन वर्षं दर महिन्याला पाणी तपासू."

दोन वर्षं! नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. सहा वर्षांत इतकं एकमत त्यांचं कधी झालं नव्हतं.

मंगलाताईंनी फोन ओढून घेतला. "सर, उत्क्रांती नाय ती, मी हाय! शकूची कालवं मी त्या दगडावर धुतली."

"आणि कोंबडी माझी!" भाऊ मागून ओरडले. "पंढरीनं कापली, मी धुतली!"

"हे लिहून द्याल?" सरांनी पडेल आवाजात विचारलं.

दोघांनी तिथल्या तिथं लिहून दिलं, तारीख-वारासकट. प्रबंधाच्या शेवटी ते सहीनिशी जोडलं गेलं. तोंडी परीक्षेला पुण्याहून एक नामांकित बाई आल्या. साऱ्या आलेख-तक्त्यांची पानं उलटून त्यांनी नेमकं तेच पान काढलं आणि चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं.

"एकच प्रश्न," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "ही शकू पुण्याला पार्सल पाठवते का?"