विसावा मेळावा आल्हाददायक वातावरणात

सार्वजनिक कार्यक्रमाचा अहवाल कार्यक्रमाच्या आधी लिहावा. नंतर लिहिला तर घडलेलं आठवावं लागतं, आणि आठवलेलं सहसा छापण्याजोगं नसतं.

बोरी अरबकडच्या एका तलावाकाठच्या वस्तीत हे शहाणपण एकट्या नंदकिशोरांकडे होतं. ते निवृत्त हेडक्लार्क आणि वस्तीच्या उन्हाळी मेळाव्याचे पहिल्यापासूनचे सचिव. दर मे महिन्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उघड्यावर गोवऱ्यांच्या जाळात कणकेचे रोडगे भाजायचे. सोबत वांग्याची भाजी, वरण, मठ्ठा आणि एक भाषण (ते टाळण्याचे प्रयत्न दरवर्षी होत). आजवरच्या एकोणीस अहवालांत पहिला, दुसरा, तिसरा एवढाच शब्द बदलला होता. कापसाला भाव नसण्याच्या त्या वर्षांत जिल्ह्यातून बाहेर जाणारी चांगली बातमी हीच, असं त्यांचं मत होतं. ते बरंचसं खरंही होतं.

विसाव्या वर्षी वार्ताहराला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यानं अहवाल शुक्रवारीच नेला. तो मेळाव्याच्या दिवशी, रविवारी सकाळीच छापून आला: 'आल्हाददायक वातावरणात दोनशे जणांनी रोडग्यांचा आस्वाद घेतला. कुणीही जेवल्याशिवाय परतले नाही.'

दुपारी चारला आभाळ काळंभोर झालं. रजनीताई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पुढच्या रविवारी ठेवा ना."

"छापून आलं आहे," नंदकिशोर म्हणाले. आणि ते पंगतीच्या सतरंज्या अंथरायला लागले.

मग वादळ आलं. मांडव उठला आणि तलावात जाऊन बसला. बोराएवढ्या गारा पडू लागल्या. बायांनी त्या ओंजळीनं मठ्ठ्यात टाकल्या (अहवालात 'थंडगार मठ्ठा' होताच). दोनशे माणसं चार सतरंज्यांखाली शिरली आणि कुणाचा पाय कुणाला लागतोय यावर हसून हसून बेजार झाली. अध्यक्ष धर्मपाल गुरुजींनी डोक्यावर पातेलं घेऊन भाषण पूर्ण केलं. गारांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना आवडलं.

अर्ध्या तासात आभाळ निवळलं, पण गोवऱ्या भिजल्या होत्या. रोडगे कच्चे. 'जेवल्याशिवाय परतले नाही' या ओळीपाशी नंदकिशोरांना रडू यायचंच बाकी राहिलं.

रोडग्यांचं काम दरवर्षी रुखमाबाईंकडे असे. पाळीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातल्या एका खोलीत, भाव येईल म्हणून दिवाळीपासून ठेवलेला कापूस. घरावरची टिनं आत्ताच सगळ्यांच्या देखत उडून गेली होती. रुखमाबाई घरात गेल्या आणि कवळाभर कापूस घेऊन आल्या.

"वरचा भिजला, खालचा कोरडा हाय. लावा जाळाले."

"अहो रुखमाबाई, उद्या भाव आला तर?"

"आला न आज. दोनशे लोकं जेवतीन."

कापसावर गोवऱ्यांनी पेट घेतला. रोडगे भाजले गेले, बाया गाऊ लागल्या, गुरुजी पातेल्यासकट नाचले. नंदकिशोरांनी सहा रोडगे खाल्ले. त्या संध्याकाळी जिल्ह्यात त्यांच्याइतका सुखी माणूस नव्हता.

मंगळवारी पडझडीचा पंचनामा करायला तहसिलीतून साहेब आले. त्यांनी रुखमाबाईंचं घर आतून पाहिलं, वर आभाळ पाहिलं, आणि फायलीतून कात्रण काढलं. "रविवारी वातावरण आल्हाददायक होतं. खाली सचिवांचं नाव आहे. तारीखही जुळते." शेरा पडला: 'जागेवर छप्पर आढळले नाही. सबब ते उडाल्याचा पुरावा नाही.'

रुखमाबाई नंदकिशोरांना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, थोडं खरंबी लिहत जा ना."

ते वाक्य नंदकिशोरांना फार लागलं. त्या रात्री त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घडून गेल्यावर लिहिलं, गारांसकट, आणि खुलासा घेऊन स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादकांनी तो वाचला आणि भाषेचं कौतुक केलं. "छापतो की. पण बातमी खोटी असल्याची निदान एका वाचकाची तक्रार लागते. नियम आहे. लिहिणाऱ्याची आणि जेवणाऱ्यांची धरत नाहीत." त्यांनी तक्रारवही पुढे सरकवली. कोरी होती.

ती अजून कोरीच आहे. रुखमाबाई तलावातून काढलेल्या मांडवाच्या कापडाखाली राहतात. वाचक तर तुम्हीही आहात, आणि गारा त्या दिवशी तुमच्याही टिनांवर पडल्या होत्या. तुम्ही सकाळचा पेपर संध्याकाळच्या चहासोबत पुन्हा चाळत होता, आठवतं? गळतीखाली बादली सरकवत तुम्हीच म्हणाला होता, 'चला, कुठे तरी बरं चाललंय.'