खिमापाववाले तायडेभाऊ

तायडेभाऊ कुणाच्याही पार्टीला आले की यजमानांच्या आधी उष्ट्या प्लेटांच्या टोपलीला भेटतात. चष्मा सावरून, वाकून, आत बघतात. नवीन माणसाला वाटतं, म्हाताऱ्याची अंगठी पडली. अंगठी वगैरे काही नसतं. त्यांनी करून आणलेला खिमापाव कुणी अर्धा टाकला का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आमच्या हेडसरांच्या निरोपाच्या पार्टीत त्यांना एक अर्धा सापडला. ती प्लेट घेऊन ते हॉलभर फिरले. "हे कोनाचं हाय? रागावत नाई, फकस्त सांगा. मीठ कमी झालं का?" शेवटी पीटीचे सर पुढे आले. बिचाऱ्यांची दाढ ठणकत होती. भाऊंनी त्यांना तिथेच दातांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला आणि गेलात की नाही, हे विचारायला दुसऱ्या दिवशी फोनही केला.

मी त्यांची अकोल्यातली शेजारीण. आमची भिंतीला भिंत लागून आहे. मी शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझा नवरा, माझे विद्यार्थी आणि आता तुम्हीही जाणता. पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

तर खिमापाव. लिंबाएवढा मैद्याचा गोळा, पोटात परतलेला खिमा, मधोमध चीजचा तुकडा. वरून दुधाचा हात, थोडं बटर, लसूण आणि भरपूर सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. मग ओव्हन. तायडेभाऊ भूमापन खात्यात नोकरीला होते. लोकांच्या जमिनी मोजून झाल्या तशी त्यांनी कणीक मोजायला घेतली. एकेक गोळा काट्यावर चढतो. जास्त भरला तर चिमूटभर काढतात, कमी भरला तर चिमूटभर लावतात आणि पुन्हा काट्यावर ठेवतात. खिमा मशीनचा चालत नाही, सुऱ्यानं कोचलेलाच हवा. ते दुकानाच्या पायरीशी दिसले की सलीमभाई खाटीक कपाळाला हात लावून म्हणतात, "आ गए साहब. मशीन बंद करो भाई."

मी एकदा म्हटलं, "भाऊ, दोन-चार ग्रॅम इकडंतिकडं झालं तर कोण बघून राहिलं?"

"कोनी पाहून नाई राहिलं मॅडम, म्हनूनच मोजा लागते."

हा पदार्थ मुळात त्यांच्या मुलीचा. पल्लवी नागपूरला होस्टेलवर असताना शिकून आली. सुट्टीत बापलेक मिळून करत, ती चीज कापायची आणि हे गोळे मोजायचे. दोघांची भांडणं आमच्या घरात ऐकू यायची. "पप्पा, पार्टी उद्या आहे, पुढच्या महिन्यात नाही!" पुढे पल्लवीची आई गेली. मग पल्लवीनं अमरावतीच्या एका व्यापारी घरातल्या मुलाशी लग्न केलं. ते घर शुद्ध शाकाहारी. जातही वेगळी. आम्ही जयभीमवाले, असं भाऊ ज्या ताठ मानेनं सांगतात, तेवढ्या ताठ मानेनं ते घर ऐकून घेत नव्हतं. लग्न रजिस्टर झालं. त्यानंतर तीन वर्षं ना त्यांना बोलावणं आलं, ना पल्लवी माहेरी आली. फोन यायचा, तोही नवरा-बायको फिरायला बाहेर पडले की.

आणि मग नातीच्या पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं आलं.

त्या आठवड्यात भाऊंनी तीनदा इस्त्री करून घेतली, एकाच सदऱ्याला. मला म्हणाले, "मॅडम, तुमी चला संगं. एकटं बरं नाई दिसत." सकाळी ते मोठा डबा घेऊन दारात उभे. मी नाक लावलं. "पनीर हाय," ते म्हणाले. "पनीर आन चीज. बाकी सारं तेच." भूमापनातल्या या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा खिम्याची जागा दुसऱ्याच्या नावे करून दिली होती. मी तसं म्हणून त्यांना चिडवलंसुद्धा. बदनेऱ्यापर्यंत ते डबा मांडीवर धरून बसले. वर ठेवा म्हटलं तर, "दबतीन."

हॉलमध्ये पल्लवीनं डबा उघडून टेबलावर मांडला. तिच्या सासूबाईंनी एक पाव प्लेटमध्ये घेतला. हो, घेतला. मी शेजारीच होते. भाऊ तीन हातांवर उभे होते. आणि मला आनंदाच्या भरात राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय! मी म्हणाले, "घ्या ना, घ्या! आमच्या तायडेभाऊंचा खिमापाव अख्ख्या अकोल्यात प्रसिद्ध आहे."

सासूबाईंनी प्लेट खाली ठेवली.

"नाही हो, पनीर आहे, पनीर! माझी जीभ घसरली," मी चारदा सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "असेल हो. पण ओव्हन तर तोच ना?" शेजारच्या दोघींनीही हातातले पाव परत ठेवले. भाऊंनी तोंड उघडलं, पल्लवीकडे पाहिलं आणि मिटलं. पल्लवीनं मान खाली घालून डब्याला झाकण लावलं आणि तो टेबलाखाली सरकवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

परतीच्या बसमध्ये तो भरलेला डबा पुन्हा भाऊंच्या मांडीवर होता आणि मी माफी मागत राहिले. मूर्तिजापूर आलं तरी माझं संपेना. ते खिडकीबाहेर कपाशीकडे बघत म्हणाले, "पल्लू बरी दिसली. गाल भरले तिचे." मग थोड्या वेळानं, "नात मांडीवर देल्ली त्याईनं. मी मागतली नोती."

घरी पोचल्यावर डबा ठेवायला मी त्यांच्यामागोमाग आत गेले. ते स्वयंपाकघरात न थांबता थेट मागच्या खोलीत गेले. तिथं टेबलावर एक दुसरा ओव्हन होता. नवाकोरा, दारावरचं स्टिकरही तसंच. बाजूला नवी परात, नवा काटा, नवे ट्रे.

"पल्लूच्या लग्नातच घेऊन ठेवला," ते म्हणाले. "मनलं, लेक माहेराले येईन, तिची सासू येईन. त्याईले शंका नको. याच्यात मटन कधी गेलंच नाई. आज पयल्यांदा लावला."

तीन वर्षं! माझा आवाज चढला. "अहो भाऊ, मग तिथं बोलला का नाहीत? एका वाक्याचं तर काम होतं!"

"सांगतलं असतं. पन मंग इहीनबाईनं मनलं असतं, ओव्हन नवा हाय, करनारे हात तं तेच ना." ते ट्रे पुसत होते. "ते पल्लूसमोर नोतं होऊ द्याचं. तिले तं तिथंच राहा लागते."

मी डबा उघडला आणि तिथेच उभ्यानं एक पाव खाल्ला, मग दुसरा. रडू येत होतं, तरी खात होते. भाऊंनी ओव्हनवर धुतलेली चादर घातली, चारी कोपरे नीट ओढले.

"नातीले चार दात आले," ते म्हणाले. "पुढल्या साली चावून खाईन."