समिती घरी बसते

समिती आज अध्यक्षांच्या घरी बसणार, असा फोन सकाळी आला तेव्हा अध्यक्षांचे चिरंजीव हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेले होते. कार्यालयात बैठकीच्या खोलीचं छत गळायला लागलं होतं आणि पाणी नेमकं अध्यक्षांच्या खुर्चीवर पडत होतं. अकरा वाजता मुख्यालयातल्या बाई पडद्यावर येणार होत्या आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा सगळ्यांनी अध्यक्षांकडेच जमावं, त्यांचा हॉल ऐसपैस आहे, असं कार्यालयाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

हॉल ऐसपैस होता यात शंका नाही. अडचण सोफ्यावर होती.

ही समिती साधीसुधी नव्हती. जगभरातल्या तरुणांच्या बेरोजगारीवर तोडगा काढण्यासाठी वेगवेगळ्या क्षेत्रांतले तज्ज्ञ सल्लागार वेचून ती नेमली होती. अध्यक्ष स्वतः अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बाकीच्यांत एक बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. एक शिक्षणखात्यात हयात घालवलेल्या बाई. आणि एक कारखानदार, ज्यांचा पंख्यांचा कारखाना आता त्यांची सून चालवायची आणि त्यांना फक्त फोटो काढायच्या वेळी बोलवायची. दोन वर्षं ही समिती दर सोमवारी बसत होती. बेरोजगारी हटली नव्हती, पण समितीही हटली नव्हती.

याच दोन वर्षांत अध्यक्षांचे चिरंजीव, चांगली पदवी गाठीला असूनही, घरी बसून होते. "एक घरी बसलाय, एक समितीवर बसलाय," त्यांची आई शेजारणीला सांगायची, "उभी काय ती मी." मुलगा काय करतो असं समितीत कोणी विचारलंच तर अध्यक्ष "तो बाहेर असतो" एवढंच म्हणत. बाहेर म्हणजे झोपायच्या खोलीच्या बाहेर, हॉलमध्ये, हे सांगायचं राहून जाई.

एवढ्यावर भागलं असतं. पण गेल्या वर्षी मुख्यालयातल्या बाईंनी भर बैठकीत विचारलं होतं की तुमच्या सल्ल्याने कोणाला प्रत्यक्ष काम मिळालं का. सगळे तज्ज्ञ आपापल्या कपात बघायला लागले. त्याच आठवड्यात चिरंजीवांची एक मुलाखत झकास झाली होती, नोकरी खिशात पडल्यातच जमा होती, म्हणून अध्यक्ष बोलून गेले, "एकाला मिळालंय. माझ्या चांगल्या परिचयातला मुलगा आहे." पुढे ती नोकरी पाच वर्षांचा अनुभव असलेल्या कोणालातरी गेली. पण तोवर परिचयातला मुलगा मुख्यालयात पोचला होता आणि बाई आपल्या भाषणांतून त्याचा दाखला देत फिरत होत्या. तो परत घरी आलाय, किंबहुना घरातून गेलाच नव्हता, हे सांगायला अध्यक्षांची जीभ रेटली नाही.

आज तर समितीच्या मुदतवाढीचा निर्णय व्हायचा होता. अध्यक्षांना समितीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला एक जागा होती, तिथे कोणीतरी त्यांना "आपलं मत काय" असं विचारायचं. मुदतवाढ मिळाली नाही तर मंगळवारासारखा सोमवारही घरात काढावा लागणार, या विचारानेच त्यांना धडकी भरायची.

चिरंजीवांना उठवून सांगण्यात आलं की दुपारपर्यंत घराबाहेर राहा. चिरंजीवांनी कुठे जाऊ असं विचारलं. मित्राकडे जा म्हटलं तर मित्र कामावर होते. वाचनालय सोमवारी बंद असायचं. शेवटी त्यांनी आपल्या खोलीत गप पडून राहावं आणि शिंकूसुद्धा नये असं ठरलं.

साडेदहापासून सदस्य यायला लागले. त्या इमारतीच्या लिफ्टला एक खोड होती. दार जरा उघडं राहिलं की ती "कृपया दरवाजा बंद करा" असं कोणीतरी दार लावेपर्यंत बजावत राही. प्रत्येक तज्ज्ञ आला की आधी लिफ्ट ओरडायची आणि मागून तज्ज्ञ आत यायचा. लिफ्टचं दार लावायला कोणीच थांबत नव्हतं. कारखानदारांचा मात्र सुरुवातीलाच एक सल्ला येऊन गेला, की ही लिफ्ट बदलायला हवी.

एवढ्या लोकांचा चहा एकदम व्हावा म्हणून अध्यक्षांच्या पत्नीने विजेची किटली काढली आणि त्यासाठी एक प्लग उपसला. तो हॉलमधल्या इंटरनेटच्या डब्याचा होता. अकराला दहा मिनिटं कमी असताना पडदा काळा झाला.

अध्यक्षांनी संगणक बंद करून चालू केला. बँकवाल्यांनी तो हलवून पाहिला. शिक्षणबाईंनी पूर्वी अशा वेळी कसा थांबून विचार करायचो ते सांगितलं. घरात त्या डब्यातलं कळायचं ते फक्त चिरंजीवांना, आणि ते आपल्या खोलीत होते. अध्यक्ष आत गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काहीतरी कर रे. हे एवढं करून दे."

"पण मी तर इथे नाहीये," चिरंजीव म्हणाले.

"इंटरनेटवाला म्हणून ये. मागच्या दाराने जा आणि पुढच्या दाराने ये."

त्याप्रमाणे लिफ्ट पुन्हा एकदा ओरडली आणि इंटरनेट कंपनीचा माणूस हॉलमध्ये हजर झाला. कंपनीने किती तत्परतेने माणूस पाठवला याचं बँकवाल्यांना कौतुक वाटलं. पायात घरातल्या सपाता होत्या, पण हल्लीच्या पोरांचं काही सांगता येत नाही, असं त्यांचं मत पडलं.

चिरंजीवांना प्लगचा घोटाळा आत शिरताच कळला. पण प्लग खोचला आणि निघाला, असं केलं तर कंपनीच्या माणसाला शोभणार नाही, म्हणून त्यांनी डबा खाली काढला, खिडकीपाशी नेऊन उजेडात सगळ्या बाजूंनी पाहिला, एकदा मान हलवली आणि मग प्लग खोचला. मधे ते स्वयंपाकघरात गेले आणि तिसऱ्या खणातून बरोबर स्क्रू-ड्रायव्हर काढून घेऊन आले.

"यांना घरातलं बरंच ठाऊक दिसतंय," शिक्षणबाई म्हणाल्या.

"दर महिन्याला बिघडतं," अध्यक्ष म्हणाले आणि चिरंजीवांकडे वळून, जन्मात पहिल्यांदा, "बरं का, तुम्ही निघालात तरी चालेल," असं अहो-जाहो केलं.

इथेच प्रकरण मिटलं असतं. पण कारखानदार जाणते होते. ही माणसं एकदा गेली की परत सापडत नाहीत, बैठक संपेपर्यंत त्याला इथेच बसवा, असा त्यांनी आग्रह धरला आणि स्वतः उठून स्टूल आणून दिलं. जागतिक युवा बेरोजगारीवरच्या बैठकीला एक तरुण पहिल्यांदाच हजर राहिला.

अध्यक्षांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्या सवयीने आधी स्टुलाकडे गेल्या आणि "बाळा, साखर कमीच घातलीय तुझ्यात," म्हणाल्या. आपण काय बोललो ते लक्षात येताच त्यांनी प्रसंगावधान राखलं आणि प्रत्येकाला कप देताना, "घे बाळा," असं म्हणत त्या पुढे सरकल्या. बँकवाल्यांनी कप घेतला पण अंग चोरलं. कारखानदार सत्तरीचे होते. त्यांना आई गेल्यापासून बाळा कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

अकरा वाजता मुख्यालयातल्या बाई पडद्यावर आल्या. मुदतवाढीचा विषय पुढ्यात आहेच, त्या म्हणाल्या, पण त्याआधी तुमच्या परिचयातल्या त्या मुलाचं मला ऐकायचंय. अध्यक्षांनी खेद व्यक्त केला. मुलगा नोकरीवर आहे, अशी भर कामातून त्याला सुट्टी मिळायची नाही. बाईंना हे फार आवडलं. मग फोनवर दोनच मिनिटं घ्या, त्या म्हणाल्या, आणि आवाज मोठा ठेवा, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

अध्यक्षांनी आढेवेढे घेतले, नंबर सापडत नाही म्हणून पाहिलं, चष्मा शोधला. चष्मा डोळ्यांवरच आहे हे बँकवाल्यांनी दाखवून दिलं. शेवटी फोन लावावा लागला.

स्टुलावर फोन वाजला.

इंटरनेटवाला उठला, "कंपनीचा आहे," असं पुटपुटला आणि दार उघडून बाहेर जिन्याजवळ गेला. तो बाहेर जाताच इकडे अध्यक्षांच्या हातातल्या फोनमधून परिचयातला मुलगा "हॅलो" म्हणाला.

पडद्यावरच्या बाईंनी त्याचं अभिनंदन करून तो काय काम करतो असं विचारलं.

"इंटरनेट दुरुस्त करतो," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून लिफ्ट म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." आणि पाठोपाठ फोनमधून तेच वाक्य आलं. शिक्षणबाईंनी दाराकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. बँकवाल्यांनी कप खाली ठेवला.

"तुमच्याकडेही तसलीच लिफ्ट आहे वाटतं," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

"कामानिमित्त बऱ्याच इमारतींत जावं लागतं," मुलगा म्हणाला.

आता हॉलमध्ये कळायचं कोणाला राहिलं नव्हतं. पण सदस्यांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. मुदतवाढ त्यांनाही हवीच होती. उलट बँकवाले खाकरून म्हणाले, "आवाज किती स्पष्ट येतोय नाही? अगदी शेजारून बोलल्यासारखा."

मग बाईंनी खरा प्रश्न विचारला. दोन वर्षं समितीने एवढे सल्ले दिले, त्यातला नेमका कोणता तुझ्या उपयोगी पडला?

फोनमध्ये थोडा वेळ फक्त लिफ्ट बोलत होती. तिचं दार कोणीतरी लावलं आणि मग मुलाचा आवाज आला.

"खरं सांगू का? मी दोन वर्षं घरी बसून होतो. येणारा-जाणारा मला सल्ला द्यायचा. हे शीक, ते शीक, लवकर उठ. माझे बाबा तर त्यातले तज्ज्ञच आहेत. पण मला कोणी काही करायला सांगितलं नाही कधी. आज सकाळी पहिल्यांदा ते म्हणाले, हे एवढं करून दे. काम अगदीच किरकोळ होतं. पण मला फार बरं वाटलं."

अध्यक्षांना लाज वाटली. आपलं बिंग फुटलं याची नव्हे. दोन वर्षं मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यांनी त्याला साधा दिवा बदलायलाही सांगितलं नव्हतं, बेकार मुलाला आणखी त्रास नको म्हणून.

पडद्यावरच्या बाई मात्र हरखून गेल्या होत्या. आज सकाळी म्हणजे नोकरी लागली त्या दिवशी सकाळी असणार, असा त्यांनी समज करून घेतला. "बस, हेच," त्या म्हणाल्या. "सल्ले नकोत, काम सांगा. दोन वर्षं तुम्ही जे शोधत होतात ते सापडलं. तुमची समिती यशस्वी झाली."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. कारखानदार मुदतवाढीबद्दल आभार मानायला उभेसुद्धा राहिले.

"आणि यशस्वी झालेली समिती चालू ठेवण्यात काही अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "आजपासून आपण ती बरखास्त करतोय. तुमचे मनापासून आभार." पडदा पुन्हा काळा झाला. या वेळी प्लग जागच्या जागी होता.

दोन वर्षं बसलेली समिती अशी उठली. बँकवाल्यांनी बॅग काखोटीला मारली. शिक्षणबाई पुढच्या सोमवारी काय करायचं असं विचारणार होत्या, पण विचारलं नाही. कारखानदार मात्र जिन्यात थांबले. चिरंजीव तिथेच, लिफ्टचं दार धरून उभे होते.

"आमच्याकडे पाच वर्षांचा अनुभव मागतात," कारखानदार म्हणाले. "तुला किती?"

"आज सकाळपासूनचा."

"तसं नाही रे. या घरातला तो डबा किती वर्षं सांभाळतोयस?"

चिरंजीवांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि सहा म्हणाले.

"मग एक जास्तच आहे. सूनबाईशी बोलतो मी. ती माझं एवढं तरी ऐकेल." लिफ्टमध्ये शिरून कारखानदारांनी दार नीट लावून घेतलं.

सूनबाईंनी ऐकलं. आता चिरंजीव रोज सकाळी डबा घेऊन पंख्यांच्या कारखान्यात जातात आणि सोफा रिकामा राहत नाही. त्यावर अध्यक्ष असतात. इस्त्रीचा शर्ट ते अजून सोमवारी घालतात, पण घालून कुठे जायचं ते ठरत नाही. येणारा-जाणारा त्यांना सल्ला देतो. कोणी फिरायला जा म्हणतं, कोणी बागकाम सुचवतं. बँकवाले फोन करून प्राणायामाचे फायदे सांगतात आणि सांगून झालं तरी फोन ठेवत नाहीत. निघता निघता चिरंजीवही म्हणतात, "बाबा, नुसतं बसू नका हो. काहीतरी छंद लावून घ्या."

शेजारणीने विचारलं तर त्यांच्या पत्नी, "हे हल्ली घरूनच काम करतात," असं सांगतात.

परवा सोमवारी असेच ते इस्त्रीच्या शर्टात बसले होते. स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, ही साखरेची बरणी काही केल्या उघडत नाहीये. एवढं करून देता का?"

अध्यक्ष ताडकन उठले. बरणी हातात घेताच त्यांच्या लक्षात आलं की झाकण आधीच सैल केलेलं आहे. त्यांनी पत्नीकडे पाहिलं. ती ओट्याकडे तोंड करून कप विसळत होती.

त्यांनी बरणी खिडकीपाशी नेली, उजेडात सगळ्या बाजूंनी पाहिली, एकदा मान हलवली आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.