लाल रेघेच्या आत

आमच्या ले-आउटमधले, म्हणजे कॉलनीतले, थूलकाका दही आणायला सायकलवर निघाले, तरी दर चार पायडलांना मान उजवीकडे वळवून मागे पाहतात. मागे बहुधा कोणी नसतं. फार तर एखादी बकरी.

तरुणपणी काका सायकलच्या स्प्रिंट शर्यतीचे खेळाडू होते. परातीसारखे काठ चढत गेलेल्या सिमेंटच्या ट्रॅकवर दोन सायकली धावतात, पण सुरुवातीला पुढे जायला कोणीच तयार नसतं. "पुढच्याले हवा लागते, बापू. मांगचा त्याच्या आडोशाले राह्यते अन् शेवटी वरच्या काठावरून खाली उतरून त्याले मारते. म्हून पुढचा सारखा मान वळवून मांगं पाह्यते," काका सांगतात.

काका एकदाच पुढे गेले, तेही फायनलला. ट्रॅकच्या खालच्या काठाजवळ आखलेल्या लाल रेघेच्या आत राहायचं, पण काका वळणावर हातभर वर सरकले आणि मागचा आतून निघून गेला. तेव्हापासून ते कुठेच पुढे होत नाहीत. रेशनच्या रांगेत "तुमी व्हा पुढं" म्हणता म्हणता दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतलेत. लेकीच्या लग्नात व्याह्यांना वाटलं, माणूस फार नम्र आहे.

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता सायकल चालवा, नाहीतर पाय आखडेल. काकू जन्मभर सायकलवरच शाळेत शिकवायला गेलेल्या, पण आता फाटकाबाहेर पडेनात. "आता पडली तर उठनार नाई मी," एवढंच म्हणायच्या.

काकांनी आठवडाभर मैदानाभोवतीचा रस्ता पायी पाहिला. कुठे गिट्टी आहे, कुठे खड्डा, कुठे उतार. मग गेरूचा डबा आणून, सगळं चुकवत, वाकून वाकून एक लाल रेघ ओढली. ले-आउट हसला. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते.

कारण थंडीतल्या एका सकाळी मी पाहिलं, बोचऱ्या वाऱ्यात काकू रेघेच्या आतून हळूहळू सायकल चालवत होत्या. आणि त्यांच्या पुढे, कोपरं फाकवून ताठ बसलेले काका.

"काका, आज पुढं काऊन?" मी विचारलं.

"तिले हवा लागन ना," ते म्हणाले.

दर चार पायडलांना त्यांची मान उजवीकडे वळतच होती.

"समोर पाहा न जी, पडसान," काकू मागून म्हणाल्या.

काकांनी ऐकलं नाही.