होडीतून घाटावर गेलेलं मीठ

अनिलकाका खासनिसांनी सुनेच्या लॅपटॉपवर स्वतःचं नाव वाचलं आणि आधी मागे वळून पाहिलं. न जाणो, दुसरे कोणी खासनीस उभे असायचे.

झालं होतं ते असं. सून आश्लेषा इथे अमेरिकेत पीएच.डी. करत होती. कॅरी गावातल्या घरी काका दिवसभर एकटेच, म्हणून जाताना तिने विद्यापीठाच्या लायब्ररीचा नवा एआय मदतनीस उघडून दिला. "बाबा, काहीही विचारा. सगळे डेटाबेस तोच सर्च करतो."

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या काकांनी भीतभीत विचारलं: कोकणातलं मीठ पूर्वी घाटावर कसं जाई, यावर कोणी लिहिलं आहे का? तसदीबद्दल क्षमस्व. आपला नम्र, अनिल खासनीस.

उत्तर लगेच आलं. या विषयावरचा महत्त्वाचा लेख अनिल खासनीस यांचा, इतिहासाच्या एका नियतकालिकात, सन १९८७.

दुसरा कोणी म्हणाला असता, यंत्र चुकलं. काका म्हणाले, मीच विसरलो. त्यांनी लेखाचा सारांश मागवला. मीठ होड्यांतून घाटावर जात असे, असा लेखकाचा दावा होता.

"होडी घाट चढेल कशी?" काका कळवळले. "इतका गाढवपणा मी केला?" मग आठवलं, त्याच साली त्यांना टायफॉइड झाला होता. तापातच लिहिलं असणार.

तेवढ्यात मराठी मंडळाची सेक्रेटरी विनीता आश्लेषाचे डबे परत द्यायला आली आणि तिची नजर स्क्रीनवर पडली.

"काका! एवढं रिसर्च केलंत आणि गप्प बसलात?"

"मी नसेल लिहिलं हो. बहुतेक."

"बहुतेक! किती तो विनय!"

ती गाडीपर्यंत पोचायच्या आत ग्रुपवर घोषणा झाली होती: शनिवारी व्याख्यान, वक्ते प्रा. खासनीस.

संध्याकाळी आश्लेषाने त्या नियतकालिकाचा अंक ऑनलाइन उघडला. त्यात असा लेखच नव्हता.

"बाबा, त्याने चक्क फेकलंय! एआय कधीकधी असं मनानेच बनवतं. तुम्ही खाली सही केलीत, त्याने तुम्हालाच ऑथर करून टाकलं."

"म्हणजे ते होड्यांचं माझं नाही?" काकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. "अगं, मग लोक मला लबाड म्हणतील! विनीताला फोन लाव. कॅन्सल कर."

विनीता फोनवर हसली. "माझे सासरेही असेच. आधी नको नको म्हणतात, मग माइक सोडत नाहीत. तू ये गं हॉल लावायला."

शनिवारी काका माइकसमोर उभे राहिले. एक वाक्य बोलायचं आणि बसायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"नमस्कार. हा लेख मी लिहिलेला नाही."

टाळ्या.

"खरंच नाही! असा लेखच नाही!"

जास्त टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात संस्कार!"

काका हताश झाले. पण त्या होड्या काही डोक्यातून जाईनात. "बरं, लिहिला असेल कोणी," ते म्हणाले, "तर तो साफ चूक आहे." मग त्यांनी त्या लेखकाला असा सोलून काढला की बस. ते उभे कडे, ते लमाणांचे बैल, पाठीवर लादलेल्या गोण्या, सगळं सभागृहात उभं राहिलं. स्वतःच्याच लेखाची अशी चिरफाड करणारा विद्वान मंडळाने पाहिला नव्हता. लोक उभे राहिले.

नंतर सामोसे खाताना जाकीटवाले एक गृहस्थ जवळ आले. "मी सत्यजित. काका, तुमचा ओरिजिनल लेख मी वाचलाय हं, कॉलेजात. होड्यांचा पॉइंट स्ट्राँग होता."

काकांना वाटलं, याने वाचलाय, म्हणजे आपण लिहिला की काय? सवयीने मान खाली जाऊ लागली. पण अर्ध्यावर थांबली.

"घाट पाहिलाय का तुम्ही?" काका म्हणाले. "होडी चढेल? मग चूक आहे ते. तुम्ही वाचलेलं असो, मी लिहिलेलं असो."

सत्यजित सॉस आणायला निघून गेला. आश्लेषाच्या हातातला सामोसा हातातच राहिला.

"बाबा, तुम्ही आत्ता चक्क भांडलात?"

"हो गं." काकांनी चष्मा पुसून परत लावला. "तो पलीकडचा निळ्या शर्टातला मघाशी होड्यांच्या बाजूने मान डोलवत होता ना? त्यालाही बोलाव जरा इकडे."