खिळ्यावरचा निळा ब्रश

मी कृषी पदवीधर झालो तो मुखेडच्या बसलिंगअप्पांमुळे. त्यांचं दुकान शेतीऔषधांचं, पण आत शिरलं की आधी दिसतो जुन्या टूथब्रशांनी भरलेला डबा. लोकांनी वापरून टाकलेले ब्रश अप्पा मागून आणतात, उकळतात आणि औषधाच्या प्रत्येक बाटलीबरोबर एक फुकट देतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अप्पा, पेस्टबी द्या की!"

ब्रश फवारणीच्या पंपाचं नोझल घासायला. आमच्याकडे नोझल तुंबलं की माणूस ते सरळ तोंडाला लावून फुंकतो. माझे बाबाही फुंकायचे.

मी बारावी झालो त्या वर्षी आमच्या टोमॅटोवर करपा आला. बाबा नि मी दुकानात गेलो, आंतरप्रवाही बुरशीनाशक मागितलं. अप्पांनी रोगट पान उलटसुलट बघितलं, मग बाबांकडं.

"नोझल फुंकतूस?"

"फुंकतो की. इतकी वर्सं झाली, काय बी झालं न्हाई."

अप्पांनी काढलेली बाटली परत कपाटात ठेवली. "हे पानावर बसून राहत न्हाई, झाडात शिरतंय. तुला काय दार हाय का, आडवायला?"

"अवो अप्पा, करपा सगळा प्लॉट खायलाय!"

"खाऊ दे. टमाटे परत लावता येतेत."

शेवटी बाबा घरून नोझल घेऊन आले आणि परीक्षेला बसल्यासारखं ब्रशनं घासून दाखवलं. तेव्हा बाटली मिळाली. वर ताकीद: हातमोजे घाल, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहू नको, फवारल्यावर लेबलवरचे दिवस भरल्याशिवाय टमाट्याचा तोडा करू नको.

निघताना मी खिळ्याला टांगलेला निळा ब्रश घ्यायला हात वर केला.

"त्यो न्हाई," अप्पा एकदम म्हणाले. मग हळू आवाजात, "धाकट्या भावाचा हाय, दात घासायचा. नोझल फुंकायचा त्यो, त्यातच गेला. औषध मीच दिलतं."

बाबांनी टोपी काढून हातात धरली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग बाबांना म्हणाले, "पोराला शेतीच शिकव. पण कालेजात."

पहिल्या वर्षी लातूरच्या हॉस्टेलवरून मी त्यांना एक पार्सल पाठवलं. सोबत ही चिठ्ठी:

"आदरणीय अप्पा, साष्टांग नमस्कार. पूर्ण हॉस्टेलचे जुने ब्रश पाठवतोय. उकळलेले आहेत. पोरं हसली, पेस्ट कुठाय म्हणाली. बाबांनी फुंकणं सोडलं, असं आई फोनवर सांगत होती. ब्रश कमी पडले तर कळवा, पण निळा खिळ्यावरच राहू द्या. दिवाळीला येतो. दुकान बंद करून एकटे जेवू नका, आई तुमचं ताट वाढणार आहे."